तळघरातली चित्रं

तेहरानला गेलेला माणूस गुलिस्तान महाल बघतो, बाजार बघतो, गालिच्यांचे भाव विचारतो. आम्ही चौघं निघालो होतो शिराझला, हाफिज आणि सादी यांच्या मजारींवर. वाटेत तेहरानात एक दिवस मोकळा मिळाला, तो आम्ही लाले पार्कला दिला. क्रांतीपूर्वी या भल्यामोठ्या बागेला महाराणी फराह यांचं नाव होतं. तिच्या कडेलाच समकालीन कलेचं संग्रहालय आहे.

ही वास्तू वास्तुविशारद कामरान दिबा यांची. १९७७ साली ती खुली झाली. वाळवंटातल्या जुन्या घरांवर वारा पकडणारे बादगीर असतात, तसे उंचवटे छपरावर आहेत. इथे ते उजेड पकडतात. आतली उतरती वाट वळणं घेत जमिनीखाली जाते. तळाशी जपानी कलावंत नोरियुकी हारागुची यांनी केलेला चौकोनी हौद. पाण्याऐवजी त्यात काळं तेल. वरचा सगळा उजेड त्यात स्थिर दिसतो.

हा संग्रह तेलाच्याच पैशावर जमला. १९७० च्या दशकात भाव चढले आणि पिकासो, पोलॉक, बेकन, वॉरहॉल यांची कामं इथे आली. १९७९ साली क्रांती झाली आणि त्यांतली बहुतेक तळघरात गेली. कुणी ती जाळली नाहीत; कुलूप लावून जपली. २००५ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा लोकांना ती पुन्हा पाहता आली.

एक चित्र मात्र परत आलं नाही. डी कूनिंग यांचं ‘वूमन थ्री’. उघड्या बाईचं चित्र, भिंतीवर लावणं शक्यच नव्हतं. १९९४ साली व्हिएन्नाच्या विमानतळावर ते देऊन इराणने शाह तहमास्पच्या शाहनाम्याची उरलेली पानं घेतली, ११८ चित्रांसह. सोळाव्या शतकात तबरीझला सुलतान मुहम्मद यांच्यासारख्या चिताऱ्यांनी रंगवलेला हा ग्रंथ एका अमेरिकन धनिकाने सुटा करून पानापानाने विकायला काढला होता.

बागेतल्या बाकावर बसून आम्ही यावरच बोलत होतो. भाभी म्हणाल्या, “दिलं तेही तस्वीर, घेतलं तेही तस्वीर. मग आपल्याकडे तस्वीर म्हटलं की लोक दचकतात का?”

प्रश्न हवेतला नव्हता. त्यांच्या लेकीला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी नको म्हणत होती. आमच्या घरांत भिंतीवर मक्का-मदिनेचं कॅलेंडर सोडलं तर काही नसे, आणि त्या रिकाम्या भिंतीचा आदर आम्ही आजही करतो. नमाजची जागा साधी असावी, हे आम्हाला पटतं. पण ज्या शाहनाम्यासाठी एका इस्लामी राजवटीने एवढा सौदा केला, त्याच्या पानापानावर माणसं आहेत, घोडे आहेत, रुस्तम आहे. ती रंगवणारे हात मुसलमानांचेच होते. हेही आपल्या मुलांना सांगायला हवं.

मतभेद राहतील, राहू द्यावेत. फक्त एवढं ध्यानात असावं, की पोलॉकचं चित्र वीस-पंचवीस वर्षं कुलपात राहिलं तरी जसंच्या तसं बाहेर येतं. अठरा वर्षांच्या मुलीच्या हाताचं तसं होत नाही.