सावंतवाडीचे गोल पत्ते

वर्गात पेंग पसरू लागली की मी खिशातून पत्ते काढतो. विद्यार्थिदशेत शिकलेली ही जादू! त्याच गुर्मीत सावंतवाडीला मोती तलावाकाठच्या राजवाड्यात शिरलो. तिथे गंजिफा रंगवतात. दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकाची बारा, अशी १२० गोल पाने. रंगवणाऱ्या बाईंनी संच हाती दिला. मी ऐटीत पिसू लागलो. कोपराच नाही, बोट अडकणार कुठे! मत्स्य, कूर्म, वराह सारे भुईवर सांडले. बाईंनी एकेक पान पदराने पुसून उचलले. म्हणाल्या, "मास्तरांनू, सावकाश. हातान रंगवलेली आसत."

ओशाळून मी तो संच विकत घेतला. आता वर्गात तोच नेतो. जादू करीत नाही. पाने नुसती दाखवतो. मुले जागी राहतात!