खिशातील पिस्तुलाचे मोल

१/ देवणीच्या परिसरात बैलाची पारख करताना जाणता माणूस आधी दात पाहतो. मग अंगावरच्या रंगावरून तो वान्नेरा, बलांक्या की शेवरा हे सांगतो, आणि अखेरीस विचारतो, हा कोणाच्या गोठ्यातला? उत्पादन थांबलेल्या खिशातील पिस्तुलाची पारखही याच तीन पायऱ्यांनी होते : वय, मूळ रूप आणि घराणे.

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शस्त्रकार जॉन ब्राउनिंग याच्या आराखड्यांवरून बेल्जियममध्ये एफएन आणि अमेरिकेत कोल्ट या कारखान्यांनी लहान, चपटी पिस्तुले घडवली. कोल्टचे १९०३ चे .३२ बोअरचे प्रारूप त्यांतले विख्यात. त्याचा घोडा आवरणाखाली झाकलेला असल्याने खिशातून काढताना तो कापडात अडकत नसे.

३/ हे प्रारूप १९४५ च्या सुमारास बंद झाले. मात्र ‘बंद झाले’ म्हणजे ‘दुर्मीळ झाले’ असे नव्हे. तोवर अशी पाच लाखांहून अधिक पिस्तुले बाहेर पडली होती. केवळ जुनेपणाला संग्राहक फारसा भुलत नाही.

४/ तो प्रथम क्रमांक पाहतो, कारण त्यावरून निर्मितीचा काळ कळतो. मग कारखान्याची अक्षरे, चाचणीगृहाचे शिक्के, मॅगझिन मूळचे की मागाहून बसवलेले, हे तपासतो. पोलादावरचा निळसर-काळा मूळ रंग झिजलेला असला तरी चालतो. घासूनपुसून नव्याने चढवलेली झळाळी मात्र किंमत उतरवते. पॉलिश करताना गंजाबरोबर अक्षरेही पुसट होतात, आणि वस्तूची साक्ष मुकी होते.

५/ क्रमांकाचे महत्त्व किती, याचे उदाहरण इंदूरचे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात भगतसिंग आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांनी साँडर्सवर गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचे .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल पुढे सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रसंग्रहालयात इतर शस्त्रांच्या रांगेत पडून होते. त्यावर काळा रंग फासलेला होता. २०१६ च्या सुमारास तो रंग काढून क्रमांक जुन्या नोंदींशी ताडला गेला : १६८८९६. वस्तू तीच, पोलाद तेच. पण त्या क्षणी तिचे मोल पैशांच्या पलीकडे गेले. आज ते हुसैनीवाला येथे जपले आहे.

६/ मराठवाड्याशी जोडलेली कथा त्याहून जुनी आहे. औरंगाबादेत शिकणाऱ्या अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध केला. हातात होते विलायतेहून गुप्तपणे आलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक. कारखान्याच्या लेखी ही वीस पिस्तुले इतर हजारोंसारखीच होती. घराणे म्हणतात ते हेच.

७/ देवणीचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात. १९४८ साली सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानाने संस्थानात शस्त्रे उतरवत होता. सप्टेंबरच्या पोलीस कारवाईने तो अध्याय संपला. अशा प्रदेशात जुन्या पेटीत पिस्तूल निघाले, तर त्यासोबतचा उर्दू परवाना, पावती वा पत्र हे पिस्तुलाइतकेच मौल्यवान समजावे. कागद नसेल, तर ‘रझाकाराचे’ किंवा ‘क्रांतिकारकाचे’ ही केवळ आख्यायिका ठरते.

८/ मात्र भारतात हा खुल्या बाजाराचा माल नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना ते बाळगणे गुन्हा आहे. कलम ४५ ची सवलत आहे ती, दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या कालबाह्य वा पुरातन शस्त्रांना. आणि १९०३ च्या घडणीची पिस्तुले आजही चालू शकतात. वारशाने आले तरी परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच शस्त्रे ठेवता येतात. क्रमांक खरवडणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे.

९/ म्हणून भीतीपोटी ते विहिरीत टाकू नये, आणि हौसेपोटी घासूही नये. न हाताळता पोलीस ठाण्याला कळवावे, सोबतचे कागद दाखवावेत आणि क्रमांकाची लेखी नोंद मागावी. शस्त्र घरातून गेले तरी नोंद उरते, आणि इंदूरच्या त्या पिस्तुलाला नाव परत मिळाले ते जुन्या नोंदीमुळेच.