मास्तर का टिकत नाहीत?

मंडळी, बारावीचा निकाल लागला की गावात कॉलेजांचे फ्लेक्स झळकतात. प्लेसमेंट, हॉस्टेल, वायफाय, सगळं असतं. शिकवणारे मास्तर तिथं किती वर्षं टिकलेत, हे मात्र एकाही फ्लेक्सवर नसतं.

वीसेक वर्षांच्या बातमीदारीत खासगी कॉलेजं-विद्यापीठं सोडलेले बरेच प्राध्यापक भेटले. कुणी पुण्यात आयटीत गेलं, कुणी क्लास काढला. पगार कमी, हे सगळेच सांगतात. पण त्याहून जास्त टोचतं ते दुसरंच. पगार कधी होणार हे माहीत नसतं. नेमणूक अकरा महिन्यांची. मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात. आणि उन्हाळ्यात पीएचडीवाल्या माणसानं गावोगाव फिरून ॲडमिशन आणायची.

नियम नाहीत असं नाही. यूजीसीची 2018 ची नियमावली सांगते, अगदीच गरज असेल तरच कंत्राटी शिक्षक घ्या, तेही एकूण पदांच्या 10 टक्क्यांवर नकोत आणि त्यांचं मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नको. सातव्या वेतन आयोगात त्या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतनच 57,700 रुपये आहे. आता आपल्या ओळखीतल्या एखाद्या कंत्राटी सरांना हळूच विचारून बघा.

त्याच 2018 साली इंजिनिअरिंगला 15 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण 20 वर गेलं. चार वर्षं मिळून 240 पोरं असलेल्या शाखेला आधी 16 शिक्षक लागायचे, आता 12 पुरतात. काम तेवढंच, माणसं चार कमी.

संस्थाचालकांचीही एक बाजू आहे. फीचा मोठा हिस्सा सरकारी शिष्यवृत्तीतून येतो. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरतं. निर्णय चांगलाच. पण सरकारचा हप्ता लांबला की पहिला थांबतो तो मास्तरांचा पगार. बांधकाम थांबलेलं फारसं दिसत नाही!

आपल्या इचलकरंजीला हे वेगळं सांगायला नको. चांगला जॉबर गेला की माग कसे चालतात आणि कापड कसं निघतं, हे इथल्या कारखानदाराला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो जॉबरला जपतो, अडीनडीला उचल देतो, दिवाळीला बोनस देतो. मग पोरं घडवणारा माणूसच कसा काय वाऱ्यावर सोडला जातो?

मास्तर टिकवायला फार मोठी योजना नको. पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. नेमणूक लेखी द्या, प्रमाणपत्रं परत करा. ॲडमिशनचं काम वेगळ्या माणसांना द्या. पीएचडी करणाऱ्याला आठवड्यातला एक दिवस मोकळा द्या. सरकारनंही शिष्यवृत्तीचे पैसे वेळेत सोडावेत.

आणि पालकांनो, खासगी व्यावसायिक कॉलेजची फी ठरवताना शुल्क नियामक प्राधिकरण शिक्षकांच्या पगाराचा खर्च धरतं. म्हणजे तो पगार आपण आधीच भरलेला असतो. यंदा ॲडमिशनला गेलात की लॅब बघाच, पण एक प्रश्नही विचारा: या विभागात पाच वर्षांपेक्षा जुने शिक्षक किती? उत्तर द्यायला किती वेळ लागतो, त्यावरून पुढचं कळेल. मागावर बारा-बारा तास उभं राहून बाप फी भरतो, त्याच्या पोराला दर सेमिस्टरला नवा मास्तर मिळू नये, एवढंच म्हणणं आहे.