वीतभर पट्ट्यासाठी

पोलादी बोट कुठून आधी खराब होते, सांगा पाहू? तळातून? साफ चूक! ती जाते पाण्याच्या रेषेवर. अर्धं अंग पाण्यात, अर्धं वाऱ्यावर, असा जो वीतभर पट्टा असतो ना, तिथे. गंजाला पाणी लागतं आणि हवेतला प्राणवायूही लागतो. खाली पाणी मुबलक पण प्राणवायू बेताचा, वर हवा भरपूर पण ओल टिकत नाही. रेषेवर दोघेही हजर! त्यात लॉकच्या, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदांच्या, भिंतींना घासणं आलं, हिवाळ्यात बर्फाचं खरवडणं आलं. हे कळल्यापासून मी कालव्यावरच्या प्रत्येक बोटीचा तेवढाच पट्टा न्याहाळत चालतो. बायको म्हणते, माणसांकडेही बघत जा अधूनमधून.

या वेडाला जबाबदार आमचा दादा, म्हणजे मामेभाऊ. तो आणि वहिनी इंग्लंडात ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोटीत राहतात. नॅरोबोट म्हणजे 7 फुटांहून किंचित कमी रुंद आणि लांबीला 70 फुटांपर्यंत जाणारं पोलादी घर. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडलीने आपल्या कालव्यांवर लॉक अरुंद बांधले, आणि त्या मापाने बोटींची रुंदी ठरली ती आजतागायत. तळाचा पत्रा बहुधा 10 मिलिमीटर, बाजूचा 6. स्वयंपाकघरात वहिनी पोहे परततात आणि त्यांच्या पायाशी, 6 मिलिमीटर पलीकडे, कालवा! म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बोट कोरड्या गोदीत घ्यायची आणि बाहेरून काळा थर चढवायचा. याला तिथे ब्लॅकिंग म्हणतात. मी सुट्टीवर गेलो आणि नेमका त्यात सापडलो. काय नशीब!

मला वाटलं, गोदीत शिरलं की डबा उघडायचा. वहिनींनी हातात खरवडणी दिली. ‘‘भाऊजी, आधी खरवडा, मग रंगाचं बोला.’’ गोदीतलं पाणी उतरलं तशी बोट ठोकळ्यांवर बसली आणि हिरवं शेवाळ, शिंपले लोंबत असलेलं तिचं खरं रूप बाहेर आलं. जोरदार फवाऱ्याने धुतल्यावर एका ठिकाणी नारिंगी फोड दिसला. खरवडणीच्या टोकाने फोडला तर आत काळं पाणी, सडक्या अंड्याचा वास, आणि तळाशी चकचकीत पोलादाचा खड्डा. गंजलेला नव्हे, चक्क चकाकणारा! दादा म्हणाला, हे जिवाणूंचं काम. प्राणवायू नसलेल्या कोपऱ्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू पोलाद पोखरतात. नुसता वरून रंग मारला तर ते आत कोंडले जातात आणि खातच राहतात. मी त्या खड्ड्यात नख घालून पाहिलं. मग वाटेत दिसेल तो प्रत्येक फोड फोडत सुटलो.

आता खरी गंमत, निवडीची. एकीकडे बिटुमेन, दुसरीकडे दोन डब्यांचं इपॉक्सी. बिटुमेन नुसतं वाळतं. त्यातला द्रावक उडून जातो, खाली काळा थर उरतो. पुन्हा वर नवा हात दिला की जुना थोडा विरघळून नव्यात मिसळतो, जोड इतका सोपा! पण याच स्वभावामुळे पाण्यावर डिझेलचा तवंग आला की थर मऊ पडतो. इपॉक्सी मात्र वाळत नाही, जमतं. राळ आणि हार्डनर एकत्र आले की रासायनिक क्रिया सुरू होते, रेणू एकमेकांना जखडतात, आणि नंतर डिझेल काय करणार? नीट लावलं तर पाच वर्षं, कधी त्याहून जास्त. मिसळलेला डबा हातात धरून पाहिला तर तो आपोआप गरम व्हायला लागला होता. मी ओरडलोच! दादा शांतपणे म्हणाला, ‘‘म्हणूनच घाई करतोय, आटप.’’ डब्यातल्या डब्यात घट्ट झालं की फेकायचं. आणि दोन हातांमधलं अंतर फार वाढलं तर वरचा थर खालच्याला धरत नाही, आधी पॉलिश पेपर मारावा लागतो.

मग सगळे इपॉक्सीच का नाही लावत? कारण जुन्या बिटुमेनवर ते बसत नाही. आधी वाळूसारख्या खड्यांचा मारा करून पत्रा नागवा, करडा-पांढरा करावा लागतो, आणि तो खर्च रंगाहून मोठा. दादाच्या बोटीला खड्डे पडलेच होते, मारा करणं भागच होतं, म्हणून यंदा इपॉक्सी. पण सतत भिंतींना घासत हिंडणाऱ्या बोटीला मी तरी बिटुमेनच देईन. ओरखडा पडला, डबा उघडा, पुसा, झालं.

तरीही सगळ्यात थरारक गोष्ट रंग नव्हेच, दव आहे दव! सकाळी पोलाद गारढोण असतं. दवबिंदूच्या तापमानापेक्षा पत्रा निदान 3 अंश सेल्सियस गरम हवा, हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत हवी. डोळ्यांना कोरडा दिसणारा पत्राही दगा देतो. दादा मीटर घेऊन पत्र्याला चिकटवतो, आकडे बघतो, मान हलवतो, आणि आम्ही पुन्हा चहा. इंग्लंडच्या हवेत रंगाऱ्याचा निम्मा वेळ चहात का जातो ते मला तेव्हा उमगलं.

आणि परवानगी मिळाली की आधी ब्रश, रोलर नव्हे! वेल्डिंगच्या शिवणी आणि कडा आधी रंगवायच्या, कारण धारेवरून ओला रंग आपोआप मागे सरतो आणि थर पातळ राहतो. मग सगळीकडे रोलर, आणि ओल्या थरात एक दातेरी पट्टी खुपसून बघायची. कुठल्या दातापर्यंत रंग लागला त्यावरून जाडी कळते, मायक्रोनमध्ये. साधी पत्र्याची पट्टी, पण मला खेळणं मिळालं. दर दोन पावलांवर खुपसत होतो, वहिनींनी शेवटी काढूनच घेतली. पाण्याच्या रेषेवर एक हात जास्तीचा. तो मी मागून घेतला.

एक जागा मात्र रंगवायची नाही. बाजूला मॅग्नेशियमचे ठोकळे वेल्ड केलेले असतात. ते स्वतः झिजून पोलाद वाचवतात, रंग लागला की निकामी. गोड्या पाण्याला मॅग्नेशियम, समुद्राला जस्त. भरतीचं खारं पाणी घेणाऱ्या आपल्या मांडवीत मॅग्नेशियम लावलं तर ते बघता बघता संपून जाईल. त्यात किनाऱ्याची वीज जोडली की अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटीही एकाच बॅटरीचे भाग होतात, आणि तुमचे ठोकळे शेजाऱ्याचं पोलाद वाचवत बसतात! त्यासाठी मधे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. ही गोष्ट मी हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे, संदर्भ कुठलाही असो.

लाकडी नॅरोबोटींच्या काळात तर डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद एकत्र तापवून फळ्यांना थापत. मी दादाला म्हटलं, करून बघू या का? दादाने उत्तर दिलं नाही. वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, पुढच्या खेपेला तळ तुमच्याकडे.’’ तळ रंगवावा की नाही यावर कालव्यावर अख्खे तट आहेत: खाली प्राणवायू कमी, शिवाय चिखलात रंग घासून जातो, असं एका बाजूचं म्हणणं. मी रंगवणाऱ्यांच्या बाजूचा. पाठीवर झोपून, चेहऱ्यावर ठिबकणारं इपॉक्सी चुकवत. गॉगल आत्ताच घेऊन ठेवलाय.