वालचंदनगरची वाट आणि कुर्ल्याची गाडी

सोलापूर सोडून पुण्याच्या महामार्गाला लागले की मोहोळ, टेंभुर्णी ही ओळखीची गावे एकेक करून मागे पडतात. भीमानगरला उजनी धरणापाशी भीमा ओलांडली की इंदापूर तालुका लागतो. तेथून महामार्ग सोडून नीरेच्या अंगाला वळले की उसाचे फड सुरू होतात आणि पुढे वालचंदनगर येते.

व्यापारी घरातील माणसाने ही वाट एकदा तरी डोळसपणे चालावी. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात, पेढी चालविणाऱ्या जैन कुटुंबात झाला. बांधकाम, जहाज, विमान, साखर अशा नाना उद्योगांत त्यांनी हात घातला. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि मग प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. मुंबईच्या रस्त्यांवरील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. पण आमच्या काकांच्या अंगणात एक पद्मिनी अजून उभी आहे.

काकांचे वय चौऱ्याऐंशी. नोकरीची पहिली वर्षे त्यांनी वालचंदनगरच्या यंत्रशाळेत काढली. ते गाव पुन्हा एकदा पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तीही एका अटीवर. "वालचंदशेठच्या गावाला वालचंदशेठच्याच गाडीतून जायचं." पुढच्या वर्षी प्रवास झेपेल, याचा भरवसा त्यांना स्वतःलाच नव्हता. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी त्यांच्या चिरंजिवांनी गाडी गॅरेजमध्ये नेऊन पॉइंट, कंडेन्सर आणि चारही प्लग नवे बसवून घेतले.

गाडी इंदापुरापर्यंत सुरेख आली. चहासाठी थांबलो आणि निघताना मात्र ती सुरू होईना. सेल्फ जोमाने फिरत होता, पण इंजिन साधे खोकतही नव्हते. भोवती चार माणसे जमली. कोणी म्हणाले, कॉइल गेली. कोणी म्हणाले, पेट्रोल पंप बदला. एकाने तर दुसरी गाडी ठरवून देण्याची तयारी दाखवली. ऊन चढत होते. काका मागच्या आसनावर गप्प बसून होते. दुसऱ्या गाडीत बसून पुढे जायला ते तयार होणार नाहीत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. परत फिरणे एवढाच पर्याय उरत होता.

शेजारच्या गॅरेजातील वयस्क मिस्त्रींनी बॉनेट उघडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, "शेवटचा हात कुठं लागलाय?" पॉइंट-प्लग बदलल्याचे ऐकून ते म्हणाले, "मग पंपाकडं कशाला जायचं? आधी तिथंच बघू."

पेढीवर बसणाऱ्याला ही रीत नवी नाही. काल जुळलेला रोजमेळ आज जुळत नसेल, तर मुनीम सगळी वही चाळत बसत नाही. कालनंतरच्या नोंदी आधी तपासतो. मिस्त्रींनीही तेच केले. गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची आणि हँडब्रेक ओढल्याची खात्री केली. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डेल्कोकडे, जाणारी जाड वायर टोपणातून काढली. रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या धातूजवळ धरून सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी पडली नाही. येथे निळी ठिणगी पडली असती, तर दोष पुढे रोटरमध्ये, टोपणात किंवा 1-3-4-2 हा क्रम चुकवून लावलेल्या प्लगच्या वायरींत शोधावा लागला असता. ती नाही, म्हणजे दोष अलीकडे होता.

मग तपासणीचा दिवा आला. चावी चालू ठेवून तो कॉइलच्या बॅटरीकडील टोकाला लावला, तर लागला. म्हणजे वीज येत होती. डेल्कोकडील टोकाला लावून इंजिन फिरवले, तर तो उघडझाप करायला हवा होता. पॉइंट उघडला की दिवा लागतो, मिटला की विझतो. येथे तो एकदाही लागला नाही. टोपण काढून पाहिले, तर पॉइंट व्यवस्थित उघडत होता, त्यातील फटही बरोबर होती. तरीही वीज कुठून तरी सतत जमिनीला जात होती.

दोष नखाएवढा निघाला. पॉइंटच्या वायरीखाली येणारा फायबरचा वॉशर चुकीच्या बाजूला बसला होता. वायरीचे टोक प्रवासाच्या हादऱ्यांनी सरकून लोखंडी प्लेटला टेकले होते. पॉइंटची उघडझाप त्यामुळे निरर्थक झाली होती. कॉइलमधील प्रवाह तुटतच नव्हता, आणि प्रवाह तुटल्याखेरीज ठिणगी पडत नाही. मिस्त्रींनी तोच वॉशर जागेवर बसवला, नव्या पॉइंटची तोंडे कोऱ्या कागदाने पुसली. दुसऱ्याच सेल्फला गाडी बोलू लागली. काकांनी डायरी काढून खर्च मांडला. त्यात मजुरी तेवढी होती, नवा भाग एकही नव्हता.

वालचंदनगरला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. जेथे साखरेच्या कारखान्यापासून आरंभ झाला, तेथील यंत्रशाळांत आज अवकाशात झेपावणाऱ्या पीएसएलव्हीसाठी मोटारींची कवचे घडतात. फाटकासमोर काका काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. आम्ही रॉकेटची गोष्ट काढली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "इथं पहिल्या वर्षी मला फक्त वॉशर निवडायला बसवलं होतं. तेव्हा कमीपणा वाटायचा."