कटाक्ष : एका शब्दाचे दोन अर्थ

क्षणभर पाहण्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. ओझरते दिसणे आपल्या इच्छेवाचून घडते. दृष्टिक्षेप मुद्दाम टाकला जातो. कागद ‘नजरेखालून घालणे’ यात वाचण्याची थोडी जबाबदारीही येते. या सर्वांत ‘कटाक्ष’ हा शब्द विलक्षण. संस्कृतात तो डोळ्याच्या कोपऱ्यातून टाकलेली तिरपी नजर. मराठीने हा अर्थ ठेवला आणि ‘कटाक्षाने’ म्हणजे आग्रहाने, न चुकता, असा दुसराही रुजवला. घरोघरी रात्रिभोजन कटाक्षाने टाळले जाते, ते या दुसऱ्या अर्थाने.

दोन अर्थांतील अंतर केवढे, हे पेढीवर कळते. जळगावच्या दाणाबाजारातील एका गृहस्थांची मुलगी धुळ्यास दिलेली. व्याह्यांचा धाकटा मुलगा एके दिवशी कर्जाचे कागद घेऊन आला. दुकानात गिऱ्हाईक होते, काट्यावर पोती होती. व्याह्यांच्या कागदाची पाने उलटणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे वाटून गृहस्थांनी एक कटाक्ष टाकला आणि जामीनदाराच्या जागी सही केली. दोन वर्षांनी हप्ते थकले आणि नोटीस जळगावला आली. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसल्यास जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. रक्कम भरली गेली. पण दोन्ही घरांचे जाणे-येणे तुटले आणि मधल्यामध्ये मुलीचे माहेर दुरावले.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय व धारणा. ‘काहीतरी आहे’ हे प्रथम जाणवणे तो अवग्रह. त्याविषयी अधिक जाणण्याची इच्छा ती ईहा. निश्चय तो अवाय. आणि तो स्मरणात राहणे ही धारणा. गृहस्थांची नजर पहिल्या पायरीवरच थांबली आणि सही मात्र चौथ्या पायरीची होती.

पुढे मुलीनेच पुढाकार घेऊन दोन्ही घरे जोडली. आज त्या पेढीवर नात्यातला कागद आला, तरी रक्कम, मुदत आणि कोऱ्या राहिलेल्या जागा कटाक्षाने पाहिल्या जातात. तोवर पाहुणा चहा घेत बसतो आणि त्यात कोणालाही अविश्वास वाटत नाही.