रिकामं बॅरल

गेल्या महिन्यात एक द्राक्षबागायतदार पिकअपमध्ये दोनशे लिटरचं लोखंडी बॅरल टाकून आमच्या शेडवर आले. फवारणीचं औषध कालवायला त्यांना ते हवं होतं. म्हणाले, "मिस्त्री, वरचं झाकण तेवढं गॅसनं उडवून द्या की. पाच मिनिटांचं काम. रिकामंच आहे."

"अण्णा, आधी काय होतं यात?"

"काय की. भंगारातनं आणलंय."

बूच काढलं. वास असा काही आला नाही. बॅटरी मारून पाहिलं तर तळ कोरडा. तरीही मी टॉर्च पेटवला नाही. "आज राहू द्या इथं, उद्या दुपारी न्या," म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पलीकडचा लगेच कापून देतोय म्हणाले. देतही असेल. मीही एकोणीस वर्षांचा होईपर्यंत तशीच कापलेली पाहत होतो आणि कधी काही झालं नव्हतं.

तेव्हा मी वस्तादांकडे हेल्पर होतो. शेजारच्या शेडमध्ये एकजण डिझेलचं बॅरल उभं कापायला बसला. डिझेलला काडी लावली तरी पेटत नाही, हे आम्ही सगळेच म्हणायचो, आणि उघड्यावर, थंड डिझेलच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. आवाज झाला तेव्हा मला वाटलं ट्रकचा टायर फुटला. धावत गेलो. बॅरलचा तळ छपराचा पत्रा फाडून पलीकडच्या प्लॉटवर जाऊन पडला होता. उसवलेल्या पत्र्यावर त्यानं मारलेली खडूची रेघ जशीच्या तशी होती, आणि त्या रेघेवर जेमतेम दोन बोटं काप. माणूस वाचला, पण पुन्हा या कामात आला नाही. त्या संध्याकाळी वस्तादांनी आमच्याकडची सगळी बॅरलं आम्हाला पाण्यानं काठोकाठ भरायला लावली. ते स्वतः एक शब्द बोलले नाहीत.

का फुटलं, हे मला पुढे कळलं. बॅरलच्या उभ्या जोडात आणि तळाच्या दुमडीत तेलाचा पापुद्रा बसलेला असतो. धुतलं तरी तो निघत नाही, डोळ्याला दिसत नाही, नाकालाही कळत नाही. टॉर्चनं पत्रा लाल झाला की तो पापुद्रा उकळून त्याची वाफ होते, आतल्या हवेत मिसळते, आणि ठिणगी तर आपण देतच असतो. थिनर किंवा पेट्रोल असेल तर दोनशे लिटरच्या बॅरलला दोन-तीन चमचे पुरतात. भरलेल्या बॅरलला माणूस भितो, कारण आतला माल त्याला दिसत असतो. रिकाम्याला तो भीत नाही, आणि हवा-वाफेचं नेमकं मिश्रण रिकाम्यातच जमतं. गॅस नको, ग्राइंडर लावा, असं सांगणारेही भेटतात. ग्राइंडरची ठिणगी वेगळी नसते.

1948 च्या कारखाने अधिनियमात हे कलम 37 मध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. ज्या टाकीत किंवा भांड्यात ज्वालाग्राही पदार्थ आहे, *किंवा पूर्वी होता*, त्यावर वेल्डिंग, ब्रेझिंग, कटिंग करायचं नाही. आधी तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकायची, नाहीतर निर्धोक करायची. 'पूर्वी होता' हे दोन शब्द ज्यानं घातले त्याला कामाची खरी जाण होती असं मी मानतो. दोन-तीन माणसांच्या शेडपर्यंत हा कायदा सहसा पोहोचला नाही. पत्रा आणि वाफ मात्र इथं तीच.

ॲसिटिलीनच्या बाटल्याचंही असंच. तो कधी पूर्ण रिकामा होत नाही. म्हणून काटा शून्यावर आला तरी व्हॉल्व्ह बंद करूनच मी तो बाजूला ठेवतो. हा गॅस हवेत अडीच टक्के मिसळला तरी पेटतो आणि ऐंशी टक्के झाला तरी पेटतोच. नुसता दाबून भरला तर आपोआप फुटतो, म्हणून बाटल्यात सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि त्यात हा गॅस विरघळवतात. हा भराव सुधारणारा स्वीडनचा गुस्ताफ दालेन 1912 साली ॲसिटिलीनच्या बाटल्यांची चाचणी घेताना झालेल्या स्फोटात आंधळा झाला. दीपगृहांच्या दिव्यांवरच्या कामासाठी त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घ्यायला त्याचा भाऊ गेला. आमच्याकडे पोरं तोच बाटला टेम्पोत आडवा टाकून आणतात आणि उतरवल्या उतरवल्या रेग्युलेटर लावतात. आतलं ॲसिटोन खाली बसायला वेळ लागतो. आडवा आलेला बाटला मी काही तास उभा ठेवतो, मगच चावी लावतो. चावी काम संपेपर्यंत बाटल्यावरच राहते.

धुराबद्दल थोडं. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड केला की जस्ताचा पांढरा धूर निघतो, आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दुसऱ्या दिवशी उतरतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मालक दूध देतो, गूळ देतो. प्रेमानं देतो, पण दूध पोटात जातं आणि धूर छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2017 साली वेल्डिंगचा धूर माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. जस्ताचा थर घासून काढा, पंखा धूर तोंडापासून दूर नेईल असा लावा आणि मास्क बांधा. रुमाल बांधून काही होत नाही.

अण्णांचं बॅरल मी ठेवून घेतलं. दोन इंची आणि पाऊण इंची, दोन्ही बुचं काढली. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा खळबळून धुतलं. पहिल्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला. दुसऱ्यांदाही थोडा आलाच, मग तिसऱ्यांदा धुतलं. सकाळी ते उभं करून कापायच्या रेघेच्या चार बोटं खालपर्यंत पाणी भरलं, बुचं उघडीच ठेवली, पोराला लांब उभं केलं आणि टॉर्च लावला. आत पाणी चुरचुरत होतं, बुचाच्या भोकांतून वाफ येत होती. झाकण सुटून पाण्यात पडलं. कापायला खरंच पाचच मिनिटं लागली.

बॅरल कापून घ्यायला जाल तेव्हा त्यात आधी काय होतं ते मिस्त्रीला सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगा, आणि एक दिवस त्याच्याकडे ठेवून या.